खळीखालचा पत्ता

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सहा महिन्यांनी डायरी उघडतेय. सहा महिन्यांत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. येवल्याला बाबांना फोन केला की ते विचारतात, "तृप्ती, तुझं ते अभिलेखागार म्हणजे नेमकं काय गं?" मी सांगते, कॉलेजच्या ग्रंथालयाच्या मागची खोली, तीन लोखंडी कपाटं, एक स्कॅनर आणि मी. ते म्हणतात, "म्हणजे आमच्या पैठणीच्या मागासारखंच. एका जागी बसायचं." चेष्टा करतात, पण खोटं नाही. कंत्राट ३१ डिसेंबरला संपतंय. पुढचं ग्रंथपाल यादव सर ठरवणार.

आज सरांनी एकदाचं खरं काम दिलं. १६ डिसेंबरला एकाहत्तरच्या युद्धाच्या आठवणींचं प्रदर्शन आहे. मे महिन्यात नाशिकमध्ये भोंगे वाजवून हवाई हल्ल्याचा सराव झाला, तेव्हापासून आमच्या व्यवस्थापनाला युद्धाची आठवण झालीय. मुख्य आकर्षण एक जाडजूड कात्रणवही. 'कु. मोहिनी गायधनी, प्रथम वर्ष कला, १९७१.' कॉलेजच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि बक्षिसाची वही कॉलेजकडेच ठेवायची असा नियम होता.

मोहिनीबाई पुढे याच कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या. बहात्तर वर्षांच्या आहेत. प्रदर्शनात त्यांचा सत्कार आहे.

हिरामणदादांनी वही कपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. ते इथले शिपाई, तीस वर्षांपासून. "जपून ताई," म्हणाले, "ही वही काचेच्या कपाटात होती तवापासून मी पुसतोय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

वही सुंदर आहे, हे कबूल करायला हवं. खिडक्यांना काळा कागद कसा लावायचा त्याची पत्रकं, लोकरीच्या हातमोज्यांचा नमुना, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं रेघ मारल्यासारखं सरळ. आणि मधल्या पानांवर चौदा फोटो. देवळालीहून सुटणाऱ्या जवानांच्या गाड्या नाशिकरोडला थांबायच्या, तेव्हा कॉलेजच्या मुली फलाटावर चहा आणि चिवडा घेऊन जायच्या. मोहिनीकडे वडिलांचा बॉक्स कॅमेरा होता.

फोटोंखाली वळणदार अक्षरात मथळे. 'भारतमातेचा वीर पुत्र.' 'हसतमुख जवान.' 'शूर शिपाई चहा घेताना.' एकाचंही नाव नाही. मला जरा रागच आला. चौदा माणसं, चौदा विशेषणं.

नऊ नंबरचा फोटो तर चक्क बिघडलेला आहे. एक बुटका, सावळा जवान पूर्ण उभा, फोटोच्या मध्यभागी त्याचे पाय, आणि टोपी जवळजवळ कडेबाहेर गेलेली. मुलीला फोटो काढता येत नव्हता. बक्षीस अक्षराला मिळालं असणार.

स्कॅन करताना एक दिसलं. फोटोंवर मागून शाई उमटल्याच्या बारीक निळसर खुणा आहेत. मागे काहीतरी लिहिलेलं आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जे करायला नको होतं ते केलं.

नियमाप्रमाणे चिकटवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. पुण्याहून तज्ज्ञ येतील, ते बघतील. तज्ज्ञ चार महिने येतायत. आज सर नागपूरला बैठकीला गेले होते. मी पानाच्या मागून किंचित ओला टिपकागद लावला, वर काच ठेवली आणि वीस मिनिटं श्वास रोखून बसले. चिकटवायची खळ जुनी, वाळून खडखडीत झालेली. एकेक फोटो अलगद सुटला. मागे हिरवट डाग आणि निळ्या शाईतलं तेच वळणदार अक्षर.

पत्ते होते. प्रत्येक फोटोमागे नाव आणि घरचा पत्ता. सातारा, धारवाड, होशियारपूर. एकावर 'आईला टाकणे' एवढंच जास्तीचं. दोन पत्ते खळीने पार खाल्लेत, बारा वाचता येतात.

म्हणजे फलाटावर त्या माणसांनी हिला पत्ते दिले होते, फोटो घरी पाठव म्हणून. आणि हिने काय केलं? पत्त्याची बाजू खाली करून चिकटवून टाकले. पहिलं बक्षीस!

नऊ नंबरच्या मागे लिहिलंय: 'चिंतामण काळू भोये. मु. आंबेपाडा, ता. सुरगाणा, जि. नाशिक. घरी: ठमाबाई.' आपल्याच जिल्ह्यातला माणूस. नाशिकरोडच्या फलाटावर उभा, घर शंभर किलोमीटरवर, आणि गाडी दुसरीकडे चाललेली.

फोटो पुन्हा चिकटवले नाहीत. जागच्या जागी नुसते ठेवलेत. सरांना सांगायला हवं. सोमवारी सांगेन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरांना सांगितलं नाही. त्याऐवजी सुरगाण्याला फोन लावत बसले. पंचायत समिती, मग ग्रामसेवक, मग एक नंबर. गोटीराम भोये, सुरगाणा ते वणी जीप चालवतात.

"चिंतामण? आमचा काका तो. ताई, तो तं एकाहत्तरलाच गेला. लढाईत."

मी म्हटलं, माझ्याकडे त्यांचा फोटो आहे.

"आमच्याकडं नाय ताई फोटो. शाळेत लावलाय, पण तो कॅलेंडरमधला जवान हाय. दुसऱ्याच कुनाचा. दर पंदरा ऑगस्टला त्यालाच हार घालतो. काकू कदी बगत पन नाय त्याच्याकडं."

काकू म्हणजे ठमाबाई. आहेत! पंच्याहत्तरीच्या असतील. मी म्हटलं, आत्ता मोबाईलवर पाठवते.

"नका पाठवू. तिला काचबिंदू हाय. एक डोळा गेला, दुसरा चाललाय. डॉक्टर म्हनला, दोन-तीन महिने धरा. मोबाईलमधी तिला नुसता उजेड दिसतो. हातात पायजे, उनात धरून. दिसतं तवर आना ताई."

मी म्हटलं, आणते. असं कसं म्हटलं देव जाणे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सरांकडे गेले. फक्त एवढंच सांगितलं की एका जवानाचं घर सापडलंय, फोटोची मोठी प्रत काढून देऊ या. सर माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर त्यांना श्वास लागतो.

"अभिलेखागारातली वस्तू बाहेर जात नाही. सुईसुद्धा. प्रतही नाही, प्रदर्शन होईपर्यंत. आणि ज्यांची वही त्यांची परवानगी लागेल. मोहिनीबाईंना विचार." मग चष्म्यावरून बघत, "पण तुला नाव कळलं कसं?"

"उजेडात धरल्यावर मागची शाई दिसली, सर."

पहिलं खोटं. इतकं सहज निघालं की मलाच भीती वाटली. खरं सांगितलं असतं तर कंत्राट त्याच मिनिटाला संपलं असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गोटीरामदादांचा फोन दोनदा. "काकू इचारते, फोटोवाली कवा येती."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोहिनीबाई आल्या. काठी, सोनेरी काडीचा चष्मा, इस्त्रीची सुती साडी. हिरामणदादा त्यांना बघून ताडकन उभे राहिले. मीही उठले. त्या बाईंपुढे बसवतच नाही.

वहीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खळ मीच शिजवली होती. मैद्याची. कसर लागू नये म्हणून मोरचूद घातला होता. आई ओरडली, स्वयंपाकघरात विष आणतेस म्हणून."

पानं उलटता उलटता नऊ नंबरवर थांबल्या. बोटाने फोटोची कड दाबली. फोटो हलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि फोटो बोटाने पुन्हा जागेवर सरकवला.

मी घाईघाईने ठमाबाईंचं सगळं सांगितलं. डोळ्यांचं, कॅलेंडरमधल्या जवानाचं, परवानगीचं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"जिवंत आहे?"

"हो."

"ठमाबाई? जिवंत आहे ती?"

"हो बाई. आंबेपाड्यातच असतात."

मग म्हणाल्या, "मला बिनसाखरेचा चहा मिळेल का? कॅन्टीनचा नको. चौकातला आण." हिरामणदादा वरच्या मजल्यावर गेले होते, म्हणून मीच पळाले. वीस मिनिटं लागली. परत आले तर वही मिटलेली, बाई दोन्ही हात पर्सवर ठेवून बसलेल्या. "परवानगीचं मी कळवते," म्हणाल्या आणि निघाल्या.

चौकापर्यंत मला पिटाळलं, आणि चहाला तोंडही लावलं नाही. मोठ्या माणसांचं काही कळत नाही. परवानगी देणार नाहीत, मी लिहून देते. सत्काराच्या तोंडावर कोणाला आपली चूक उघडी पडलेली हवी असेल?

१ डिसेंबर, सोमवार

नऊ नंबरचा फोटो नाही.

पान आहे, मथळा आहे, खळीचा हिरवट चौकोन आहे. फोटो नाही. शुक्रवारी बाई गेल्यावर मी वही न उघडता कपाटात ठेवली होती. टेबलाखाली, कपाटामागे, केराच्या डब्यात, स्कॅनरच्या झाकणाखाली, सगळीकडे शोधलं. तीन वेळा.

मी सोडवला नसता तर तो गेला नसता. हे वाक्य सकाळपासून डोक्यात घण घालतंय. चोपन्न वर्षं त्या खळीने धरून ठेवलेला फोटो माझ्या हाताखाली दहा दिवस टिकला नाही.

आणि तिकडे त्या म्हातारीचा डोळा चाललाय.

२ डिसेंबर, मंगळवार

सरांना सांगावंच लागलं. फोटो दिसत नाही म्हटलं. "चिकटवलेला फोटो जाईल कसा?" मी म्हटलं, "खळ जुनी होती सर, आपोआप सुटली असेल." दुसरं खोटं.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे. सर, मी, हिरामणदादा. मागच्या आठवड्यात हिरामणदादांनी मला विचारलं होतं, "ताई, असल्या जुन्या फोटोला भाव येतो म्हनं?" तेव्हा मी हसले होते. आज सरांनी विचारलं, कोणावर संशय आहे का, तर मी हे सांगून मोकळी झाले. नाव घेतलं नाही असं मनाला बजावतेय. पण ते वाक्य सांगितल्यावर नाव घ्यायचं काय उरलं?

वाचनकक्षात, मुलांसमोर, सरांनी त्यांची पिशवी रिकामी करायला लावली. डबा, स्वेटर, दोन पेरू, गोळ्यांची पट्टी. हिरामणदादा माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमी तरी बोला." मी समोरच्या मासिकाचं पान उलटलं.

दुपारी धीर करून मोहिनीबाईंच्या घरी फोन केला. विचारणार होते, शुक्रवारी वही मिटताना फोटो होता ना? त्यांच्यावर संशय घेण्याचा प्रश्नच नाही. कॉलेज त्यांचं, वही त्यांची. फोन सुनेने घेतला. "आई वणीला गेल्यात. पहाटे गाडी करून. गुडघे धड नाहीत, आम्ही नको नको म्हणत होतो, पण ऐकतात कुठे."

इकडे माझा जीव टांगणीला लागलाय आणि बाई देवीच्या दर्शनाला! ठीक आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दहा तारखेला प्रदर्शनाची समिती वही तपासायला येणार. सरांनी फोटोबद्दल अजून वर कळवलेलं नाही. "तोवर सापडला तर बरं," म्हणाले. हिरामणदादांची बदली फाटकावर झाली. रोज माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. आता तांब्या रिकामाच असतो. मीही भरत नाही, तेवढी हिंमत नाही.

गोटीरामदादांचाही चार दिवस फोन नाही. कंटाळले असणार. शहरातली माणसं बोलतात आणि विसरतात, असं म्हातारीला सांगून मोकळे झाले असतील. मोहिनीबाईंकडूनही परवानगीचा निरोप नाही.

मूळ फोटो गेला, पण स्कॅन माझ्याकडे आहे. आज संध्याकाळी शालिमारला स्टुडिओत जाऊन भिंतीवर लावायच्या कॅलेंडरएवढी मोठी प्रत काढून आणली. कोणालाही न विचारता. नोकरी तशीही जाणारच आहे. जाताना एक शब्द तरी पाळून जावं.

७ डिसेंबर, रविवार (परतीच्या एसटीत)

अक्षर वेडंवाकडं येतंय. गाडी घाटात आहे.

सकाळी सुरगाण्याला उतरले. काल 'येते' एवढाच मेसेज टाकला होता, तर गोटीरामदादा जीप घेऊन हजर. वाटेत म्हणाले, "तुमच्या बाई नीट पोचल्या ना? मंगळवारी लय दमल्या होत्या."

"कोणत्या बाई?"

"काठीवाल्या. तुमीच धाडलं ना त्यास्नी फोटो घिऊन?"

मी खिडकीची कड घट्ट धरली. मंगळवारी. वणीला. मी किती मूर्ख आहे!

आंबेपाड्यात अंगणात नागली वाळत घातली होती. ओसरीवर ठमाबाई बसल्या होत्या. हडकुळ्या, ताठ, एक डोळा पांढरा. गोटीरामदादांनी सांगितलं कोण आलंय, तर त्यांनी कनवटीची गाठ सोडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. कातरलेल्या कडा. मागे मोरचुदाचा हिरवट डाग. मी त्यावर बोट ठेवलं आणि मला रडूच कोसळलं.

"का रडतीस? ती पन अशीच रडली," ठमाबाई म्हणाल्या. "आली, इथं बसली. पानी घेईना. म्हने, मी उशीर केला. मी म्हनलं, कितीक? म्हने, चोपन्न वर्सं. मी म्हनलं, मंग आता पानी प्यायला काय जातंय?"

गोटीरामदादा हसले. म्हातारीही हसली.

"पाय धराया वाकली माझं. मी म्हनलं, वाकू नको बाई, कंबर धरली तं तुला उचलनार कोन?"

मी विचारलं, फोटो दिसला का नीट? त्यांनी मान हलवली. "बारका हाय. मानूस उबा हाय एवडं कळतं. तोंड धुरकट. मी हात फिरवते त्याच्यावर, पन कागदाला हात फिरवून काय हुतं."

मग मी मोठी प्रत उलगडली. गोटीरामदादांनी एका बाजूने धरली, मी दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही ती अंगणात भर उन्हात उभी केली. ठमाबाई उठल्या. डोळा कागदाला लागेल इतक्या जवळ गेल्या. मला वाटलं चेहरा शोधतील. त्या खालून सुरू झाल्या. गुडघ्यावर बसून, कागदाच्या तळापासून.

"बूट," म्हणाल्या. "घातलेत. ए गोट्या, बूट घातलेत रं यानं!"

गोटीरामदादांना काही कळेना, मला तर नाहीच. त्याच सांगू लागल्या. पहिल्या सुट्टीला चिंतामण घरी आला तो बूट खांद्यावर टाकून, अनवाणी. झिजू नयेत म्हणून. सगळा पाडा हसला. काळूच्या पोराला बूट घालता येत नाय, सरकारनं नुस्ते वाहायला दिलेत. तीही हसली होती. जाताना म्हणाली होती, पायात घालून दाखव एकदा, मंग खरं मानीन. तो म्हणाला होता, दावतो.

पुढे कितीतरी वेळ त्या वर चढल्याच नाहीत. बुटांवरच होत्या. मग हळूहळू वर गेल्या, पट्ट्यापर्यंत, खिशांपर्यंत, तोंडापर्यंत. तिथे थांबल्या. कागद धरून हात भरून आले तरी आम्ही दोघांनी तो सोडला नाही.

निघताना त्यांनी लहान फोटो माझ्या हातात दिला.

"ह्यो तिचा. तिला परत दे."

मी म्हटलं, नाही आजी, हा तुमचाच आहे, चिंतामणकाकांनी तुमच्यासाठीच काढून घेतला होता.

"तवा आला असता तं काय झालं असतं? आमचं घर गवताचं हुतं. दोन पावसाळं पन टिकला नसता. तिनं जपला म्हनून आज बगाया मिळाला. मोठा माझा, बारका तिचा. सांग तिला, ठमी काय म्हनली ते."

गोटीरामदादांनी विचारलं, शाळेतला तो कॅलेंडरवाला जवान आता काढायचा का?

"राहू दे," ठमाबाई म्हणाल्या. "त्यो पन कुनाचा तरी आसंलच."

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी सरांपुढे सगळं ठेवलं. टिपकागद, चौदा फोटो, दोनदा बोललेलं खोटं, शालिमारची प्रत, आणि नऊ नंबरचा मूळ फोटो. सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.

"मोहिनीबाईंनी फोटो नेला, हे मी समजू शकतो. तू हिरामणचं नाव सुचवलंस, हे मला समजत नाही."

मी तशीच उठले.

फाटकावर गेले. हिरामणदादा खुर्चीवर बसून पेरू कापत होते. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, मीठ लावलं, फोड खाल्ली.

"ताई, हितं कुनी नाय. पिशवी जिथं झाडली तिथं मागा."

दुपारी वाचनकक्षात चाळीसेक मुलं होती. मी काउंटरपाशी उभी राहून मोठ्याने सांगितलं की फोटो हिरामणदादांनी घेतला नव्हता, चूक माझी होती, आणि मी खोटं बोलले होते. माझे कान अजून तापलेत. दारात येऊन उभे राहिलेले हिरामणदादा म्हणाले, "झालं," आणि पाण्याचा तांब्या भरायला गेले. माझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. पण माझ्याही टेबलावर ठेवला.

सर संध्याकाळी म्हणाले, "कंत्राट मी वाढवू शकत नाही. तुला कारण माहीत आहे. पण एकतीसपर्यंत तू इथे आहेस. अजून अकरा पत्ते वाचता येतात ना? कॉलेजच्या कागदावर पत्रं लिहायला घे. माझी सही मी करतो." नियमाबाहेर त्या माणसाला श्वास लागत नाही हे आज पहिल्यांदा पाहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मोहिनीबाईंच्या घरी गेले. पंचवटीत, दुसरा मजला. दार त्यांनीच उघडलं. हिरामणदादांच्या पिशवीचं सांगितलं तेव्हा त्या खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. "मला वाटलं, सोळा तारखेला सगळ्यांसमोर सांगेन. तोवर कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यात दुसऱ्या कोणाची मान अडकेल हे सुचलंच नाही गं मला. त्याही वेळी नाही आणि याही वेळी नाही."

मी विचारूनच टाकलं. इतकी वर्षं का नाही पाठवलेत?

"स्पर्धेला दोन दिवस उरले होते. म्हटलं, आधी वही देऊ, बक्षीस झालं की फोटो काढून पाठवू. प्राचार्यांनी वही काचेच्या कपाटात ठेवली. मी मागितली असती तर दिली असती. पहिल्या वर्षी वाटलं, सगळे परत आले असतील, आता फोटोचं काय काम. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता पाठवला तर विचारतील, इतके दिवस कुठे होतात? मग दरवर्षी तो प्रश्न मोठा होत गेला. तेहतीस वर्षं मी त्या कपाटासमोरून तासाला जात होते, तृप्ती. मान वळवून."

सत्कार त्यांनी नाकारलाय. प्रदर्शनात फोटो पालथे मांडायचे, नावांची बाजू वर, असं त्यांनी सरांना कळवलंय. सर हो म्हणाले.

मी लहान फोटो त्यांच्या हातात ठेवला. ठमाबाईंचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. गवताचं घर, दोन पावसाळे, बारका तिचा. मोठ्या प्रतीचंही सांगितलं, पण अंगणातलं काही सांगितलं नव्हतं. ते मला अजून नीट सांगताच येत नाही.

त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला हा फोटो बिघडलेला वाटला असेल. सगळ्यांना वाटला. परीक्षकांनी तर म्हटलं होतं, हा एक काढून टाक. मी त्याचा चेहराच घेत होते गं. तो म्हणाला, ताई, मागे व्हा. मी मागे झाले. आणखी मागे, म्हणाला. गाडीची शिट्टी झाली तरी म्हणतोय, आणखी मागे. का ते सांगितलं नाही. नुसता खाली बुटांकडे बघून लाजला." त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते. "मी गेले तेव्हा तिला या एवढ्याशा कागदात काहीच दिसलं नाही. मोठ्यात दिसले का तिला? त्याचे बूट?"

मी म्हटलं, "दिसले, बाई. सगळ्यात आधी तेच."